किडनीवरचा तो व्हायरल मेसेज

गोव्यात काणकोणपासून पेडण्यापर्यंत ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'नोबेल मिळालेल्या मायक्रो-आरएनएने किडनी पुन्हा तयार होते. इंजेक्शन आलंय. एका रक्तचाचणीत आजार आधीच कळतो. काढ्यातूनही हेच मिळतं. डायलिसिस विसरा!'

नोबेल खरं आहे. 2024 मध्ये अँब्रोस आणि रव्हकन या शास्त्रज्ञांना ते मिळालं, पण किडनीच्या औषधासाठी नव्हे. जनुकांना लगाम घालणारे मायक्रो-आरएनए हे छोटे रेणू शोधल्याबद्दल, तेही आधी एका सूक्ष्म कृमीत.

'पुन्हा तयार होते' हे तर उलटंच. मिर-21 नावाचा मायक्रो-आरएनए दुखावलेल्या किडनीत वाढतो आणि तिथे व्रणासारखा कडक, निकामी भाग वाढायला हातभार लावतो. म्हणून संशोधक तो देत नाहीत, अडवतात. तो अडवणारं लॅडेमिर्सेन हे इंजेक्शन उंदरांत छान चाललं. अल्पोर्ट या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांवरची चाचणी मात्र फायद्याची चिन्हं दिसेनात म्हणून 2022 मध्ये थांबवावी लागली. मिर-17 अडवणारं फाराबर्सेन अजून चाचण्यांतच आहे, आणि तेही फक्त किडनीत गाठी होणाऱ्या आनुवंशिक आजारासाठी. मधुमेहाने किडनी गेलेल्यांनी त्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

रक्तचाचणीचं म्हणाल तर नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या तरी मायक्रो-आरएनएचे आकडे बदलतात. रोजच्या निदानात ती चालत नाही. रक्तातलं साधं क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ) आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन आजही पुरेसं सांगतं. काणकोणकरांनी मात्र एक लक्षात ठेवावं. तिथे मधुमेह-रक्तदाब नसतानाही जो किडनीचा आजार दिसतो, त्या प्रकारात लघवीत प्रथिनं बरेचदा फारशी जातच नाहीत. लघवी 'नॉर्मल' आली म्हणून घरी बसू नका, क्रिएटिनिन करून घ्याच.

काढ्याची गोष्ट 2012 मधल्या एका दाव्यावरून आली असावी: तांदळातला मायक्रो-आरएनए खाणाऱ्याच्या रक्तात उतरतो. इतरांनी प्रयोग करून पाहिले, तेव्हा तो जवळपास सापडलाच नाही. नाहीतर शितकडीवर, म्हणजे भात-कढीवर, वाढलेल्या गोव्यात किडनीचा रुग्णच दिसला नसता! शिवाय काही वनौषधी किडनीच खराब करतात. तेव्हा काढा घेत असाल तर गोमेकॉतल्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या) डॉक्टरांपासून लपवू नका.

राहिलं शेवटचं वाक्य. डायलिसिस चुकवला की पोटॅशियम चढतं, फुप्फुसांत पाणी साठतं, हृदय बंद पडू शकतं. मेसेज पाठवायचाच असेल तर निदान ते वाक्य खोडून पाठवा.