भिशी विश्वासावर चालते, म्हणजे कशावर? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

भिशीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की, तुमच्या आईची भिशी सांगलीत 22 वर्षं चालली ती निव्वळ विश्वासावर. समाजशास्त्राचा चष्मा लावून मी बायकांच्या साध्या मैत्रीला 'गटाचं नियंत्रण' म्हणते, तेव्हा त्यातला ओलावाच काढून टाकते, असंही तुमचं म्हणणं. दोन दिवस हे डोक्यात घोळतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

विश्वास होता, हे मला मान्यच आहे. मला पडलेला प्रश्न त्याच्या पुढचा आहे. तो विश्वास इतकी वर्षं टिकतो कसा?

आमच्या सोसायटीतली भिशी घ्या. बाराजणी, महिन्याला 1,000 रुपये. दर दहा तारखेला एकीच्या घरी जमायचं, स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या आणि घरातल्या लहान मुलाकडून एक उचलून घ्यायची. जिला पहिल्याच महिन्यात लागते तिच्या हातात 12,000 येतात, आणि तिचे स्वतःचे गेलेले असतात फक्त 1,000. बाकीचे 11,000 म्हणजे अकराजणींनी तिला दिलेलं बिनव्याजी कर्ज. शेवटचा नंबर जिचा, ती वर्षभर इतरांना पैसे वापरू देते आणि अखेरीस आपलेच परत घेते. कागद नाही, जामीन नाही. चिट फंडांसाठी 1982 चा कायदा आहे, पण आमच्यापैकी कुणाच्या मनातही तो कधी आलेला नाही.

पहिली चिठ्ठी लागलेली बाई पुढे अकरा महिने पैसे भरत राहते, कारण ती चांगली आहे, असं तुम्ही म्हणाल. असेलच. पण बँकेचा हप्ता चुकवणारी तीच बाई भिशीचा चुकवत नाही, हे मी पाहिलंय. बँकेतला माणूस जिन्यात भेटत नाही. भिशीतल्या बायका भाजीवाल्यापाशी भेटतात, शाळेच्या बसपाशी भेटतात, हळदीकुंकवाला येतात.

एका वर्षी आमच्यातल्या एकीच्या नवऱ्याची नोकरी गेली. तिने दोन महिने भावाकडून उसने घेऊन हप्ता भरला. कुणी तगादा लावला नव्हता. तिसऱ्या महिन्यात चिठ्ठी दुसरीलाच लागली. ती म्हणाली, "हिला द्या, मला दिवाळीला चालेल," आणि कुणी काही बोलायच्या आत पोह्यांच्या बश्या उचलायला लागली. मी शेजारीच बसले होते. जिला पैसे मिळाले ती वहीत सही करताना मान वर करत नव्हती.

इथे तुमचं म्हणणं मला पटतं. या प्रसंगाला 'नियंत्रण' म्हणणं चूकच. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: भीड. भावाकडे हात पसरायला लावला तो भिडेने, आणि वहीवरून मान वर होऊ दिली नाही तीही भिडेनेच. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण तिची एकच बाजू सांगते. परक्याची भीड कुणी धरत नाही. ती वाटते ती आपल्या माणसांचीच. दाब आणि ओलावा तिथे वेगळे काढता येत नाहीत, आणि मी ते वेगळे काढू पाहिले.

पण चष्मा उतरवायला मात्र मी तयार नाही. क्लिफर्ड गीर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने 1962 मध्ये जावातल्या 'अरिसान'वर लिहिलं. तीही भिशीच. मेक्सिकोत 'तांदा' आहे, इथिओपियात 'इकुब', दक्षिण आफ्रिकेत 'स्टॉकवेल'. सांगलीची आणि जावाची कधी गाठ पडली नाही, तरी घडण तीच. एकेका बाईच्या चांगुलपणाने एवढं सगळं उलगडत नाही.

आणि चांगुलपणाचीच भाषा धरली की आणखी एक गोष्ट नजरेआड होते. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींनी एकदा विचारलं होतं, "ताई, मला घ्याल का तुमच्या भिशीत?" त्यांच्या हातात तेव्हा ओला फडका होता आणि आम्ही चौघीजणी चहा घेत होतो. कुणी नाही म्हटलं नाही. "बघू, यंदा बारा झाल्यात," असं एकजण म्हणाली, ते खरंही होतं. पुढच्याच महिन्यात तिसऱ्या मजल्यावर नवीन भाडेकरू आल्या आणि आम्ही तेरा झालो. नंबर वाढवायला कुणालाही अडचण आली नाही. आमच्यातली एकही बाई वाईट नाही. मावशी पैशाला आमच्याहून चोख आहेत. त्यांच्या वस्तीतल्या भिशीत त्या दर रविवारी 200 रुपये भरतात आणि एकही रविवार चुकलेला नाही. तरी 'आपल्यातली कोण' हे आधीच ठरलेलं होतं, आणि ते ठरवताना कुणी बैठक घेतली नव्हती. हे मला दिसलं ते याच चष्म्यातून, आणि दिसल्यावर मला झोप लागली नाही.

यंदाची फेरी सुरू होण्याआधी मी स्वतः मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "नको ताई. एखादा महिना पैसे मागंपुढं झाले तर वस्तीत सांगता येतं. तुमच्यात बोलायची भीड वाटंल."

मूळ लेखातला 'नियंत्रण' हा शब्द आजच बदलते, आणि मावशींची गोष्ट त्यात घालते. ती मी तेव्हाच लिहायला हवी होती.