चाललायस का?

सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी आमच्या खोलीत एक प्रश्न उठायचा. फक्त प्रश्नच. माणसं झोपलेलीच असायची.

"चाललायस का?"

हा प्रश्न नाना विचारायचा, चादरीच्या आतून. उत्तर शेजारच्या चादरीतून यायचं. "तू चाललायस का?" हा बारक्या. "तू गेलास तर बघतो," नाना. मग दोघं मिळून लातूरला विचारायचे. लातूर (लातूरचा होता म्हणून लातूर, त्याचं खरं नाव फक्त हजेरीपटाला माहीत होतं) काहीच बोलायचा नाही, फक्त घोरण्याचा आवाज जरासा वाढवायचा. त्यावरून तो जागा आहे हे कळायचं. शेवटी तिघांची तोंडं चौथ्या कॉटकडे वळायची. तिथे मी.

माझ्याकडे वळण्याला कारण होतं. माझे वडील कराडजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आमच्या घरात हजेरी हा देवघरातला विषय. ताप अंगात असताना मी शाळेत जाऊन 'हजर गुरुजी' म्हणून परत येऊन झोपल्याचं आई अजून पाहुण्यांना सांगते. असा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला येतो आणि रोज सकाळी कॉटवर पडून, आज लेक्चर बुडवावं का, याचा पाव तास विचार करतो. पाव तास आम्ही झोपत नव्हतो, हे मुद्दाम सांगतो. बुडवणारी मुलं आळशी असतात असा समाजाचा समज आहे. एम-थ्रीचं लेक्चर बुडवण्यात आमची जेवढी शक्ती गेली, तेवढी बसून ऐकण्यात कधीच गेली नसती.

हे २००३ सालचं. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचो. चार कॉट, एक खिडकी आणि बाथरूमच्या दारावर घरमालकीण काकूंच्या अक्षरातली पाटी: 'गरम पाणी ६ ते ७. नंतर मागू नये.' म्हणजे ७ वाजून १० मिनिटांनी चर्चा सुरू व्हायची तेव्हा निम्मा निकाल काकूंनी देऊन टाकलेला असायचा. जायचं तर गार पाण्याने. पुढे पाऊण तास पीएमटी (पुण्याची तेव्हाची सिटी बस), आणि सव्वाआठला एम-थ्री.

एम-थ्री म्हणजे सेकंड इयरचं गणित. लाप्लास, फूरिये, व्हेक्टर वगैरे. ज्यांनी इंजिनिअरिंग केलेलं नाही त्यांना एवढंच सांगतो, की आमच्याकडे सीनिअर मुलं 'एम-थ्री राहिलीय' हे वाक्य ज्या सुरात म्हणायची, त्या सुरात आमच्या गावाकडे 'कोर्टात केस आहे' असं म्हणतात. संपेल, पण कधी ते कोणी सांगू शकत नाही.

आता सर. सर वाईट नव्हते, हीच तर अडचण. रागावणारे, अपमान करणारे असते तर त्यांच्यावर सूड म्हणून बुडवता आलं असतं, मन शांत राहिलं असतं. हे सर वर्गात यायचे, खाली बघत. टेबलावर वही ठेवायचे. वहीची पानं पिवळी होऊन आता तपकिरीकडे निघाली होती. मग हजेरी, तीही मान खाली घालून, नंबराने, इंग्रजीत, मालगाडीच्या वेगाने. मग फळ्याकडे तोंड. ते एकदा तिकडे वळले की पंचावन्न मिनिटं आम्हाला सरांच्या शर्टाचा मागचा भाग शिकवायचा. उजव्या हाताने लिहायचं, डाव्या हाताने आधीचं पुसायचं. दोन हातांमध्ये साधारण दीड ओळीचं अंतर. त्या दीड ओळीत जो उतरवून घेईल तो घेईल.

मध्येच 'हे तुम्हाला बारावीत झालेलं आहे' असं म्हणायचे. एखादी पायरी त्यांनाही नको असली की 'इट इज ऑब्व्हियस'. आणि पानाच्या शेवटी फळ्यालाच विचारायचे, "एनी डाऊट?" आणि फळ्याच्या वतीने स्वतःच उत्तर द्यायचे, "नो डाऊट. गुड."

'सो व्हॉट वी आर हॅविंग हिअर' हे त्यांचं पालुपद. मागच्या बाकावरची मुलं त्याची उभ्या रेघा मारून मोजणी करायची, चार उभ्या आणि एक आडवी. एका सकाळी आकडा ६३ वर गेला तेव्हा टाळ्या पडल्या. सरांना वाटलं डेरिव्हेशन आवडलं. ते वळून कधी नव्हे ते हसले. त्या दिवशी मला इतकं वाईट वाटलं की पुढचा सबंध आठवडा मी नियमाने गेलो.

पण रोज वाईट वाटून कसं चालेल? म्हणून मी हिशेब मांडायचा ठरवला. फी वर्षाला ४२,००० रुपये. आठवडे २८, आठवड्याला तास ३०, म्हणजे ८४० तास. एका तासाचे ५० रुपये. ही आकडेमोड मी जायला प्रवृत्त व्हावं म्हणून केली होती, झालं उलटंच. नानाने वहीत डोकावून विचारलं, "म्हणजे 'नो डाऊट गुड' ऐकायचे पन्नास?" त्या काळी पन्नासात दहा वडापाव यायचे. पुढे महिनाभर आमच्या खोलीत सगळ्या लेक्चरचे भाव वडापावात निघत होते. थर्मोडायनॅमिक्सच्या मॅडमना सर्वानुमते पंचवीस वडापाव मिळाले. त्या खरोखर चांगलं शिकवायच्या. एम-थ्रीला अर्धा, तोही चटणीशिवाय.

मग विद्यापीठाचा ७५ टक्के हजेरीचा नियम. भरली नाही तर नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये, 'टर्म ग्रँट होणार नाही' अशी तंबी, आणि पालकांना पत्र. यातलं पत्र माझ्या छातीत बसायचं. बाकीच्यांचे वडील पत्र वाचून ओरडले असते. माझे वडील आधी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करणार, आणि मग ओरडणार.

एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. त्या वर्षी मला जे काही गणित आलं ते हजेरीमुळे आलं. चाळीस लेक्चर धरली तर तीस बसायला हवीत, दहा आपली. पण चाळीस होणार की छत्तीस, हे सरांनाही माहीत नसतं. म्हणून दर आठवड्याला शिल्लक नव्याने काढायची. बसलेल्या तासांना पाऊणने भागा, त्यातून झालेले तास वजा करा, उरेल ती आपली चैन. उणे आलं तर सावध व्हा, कारण ७५ टक्क्यांत एक लेक्चर बुडवलं की ते फेडायला तीन बसावी लागतात. हा व्याजदर आमच्या गावातल्या सावकारानेही कधी लावला नाही. लातूरला इंटिग्रेशनची एकही पायरी यायची नाही, पण झोपेतून उठवून विचारलं तरी तो चौघांची शिल्लक तोंडी सांगायचा.

शिल्लक असूनही प्रश्न सुटायचा नाही. कारण हजेरीचा एक स्वभाव असतो. आपण गार पाण्याने आंघोळ करून, पीएमटीच्या दारात लोंबकळत जावं, तर सर म्हणणार, "टुडे नो अटेंडन्स, पोर्शन इज पेंडिंग." आणि आपण पांघरूण डोक्यावर ओढलं, की त्याच सकाळी हजेरी दोनदा, सुरुवातीला आणि शेवटी. त्यामुळे बुडवलं तरी झोप लागायची नाही. सव्वाआठ झाले की डोळे आपोआप छताकडे. 'आत्ता घेत असतील.' साडेआठ. 'घेतली असेल.' सव्वानऊला सुटका. एवढ्या ताणात जर मी वर्गात बसलो असतो तर दीड ओळसुद्धा पुरली असती.

यावर आमच्या खोलीने काढलेला उपाय म्हणजे प्रॉक्सीचा करार. जो जाईल त्याने चौघांच्या हजेऱ्या द्यायच्या. बारक्या रोल नंबर १७, आवाज बारीक. नाना ३९, घोगरा, सकाळचा चहा न झालेला. लातूर ५८, तो 'प्रेझेंट सर' न म्हणता 'प्रझेन सर' म्हणायचा आणि आधी एकदा खाकरायचा. खाकरणं महत्त्वाचं, त्याशिवाय लातूर पूर्ण होत नसे. मी ५७. सर मान वर करायचे नाहीत, त्यामुळे आवाज वेगळा असला की काम झालं. मी या कामात इतका तयार झालो की गॅदरिंगला मिमिक्री कर असं लोक सांगू लागले. दिवाळीत घरी गेलो तेव्हा आई म्हणाली, "तुझा आवाज का असा सारखा बदलतोय? वय गेलं की तुझं ते."

एकदा खूप पाऊस होता. पीएमटीतून उतरेपर्यंत उशीर झाला, सरांनी दार लावून घेतलेलं. लायब्ररीत जाऊन बसलो. समोर जाडजूड गणिताचा इतिहास पडला होता, उघडला. लाप्लास भेटला. वर्गात लाप्लास म्हणजे आम्हाला एवढंच होतं, 'इंटिग्रेशन झिरो टू इन्फिनिटी, ई रेझ्ड टू मायनस एसटी'. हे 'मायनस एसटी' ऐकलं की माझ्या डोळ्यांसमोर स्वारगेट-कराड गाडी रिव्हर्स घेताना यायची, मागे कंडक्टर शिट्टी मारतोय. पुढचं काही ऐकूच यायचं नाही. पुस्तकात कळलं की या गृहस्थाने १७८५ साली पॅरिसच्या सैनिकी शाळेत सोळा वर्षांच्या नेपोलियनची परीक्षा घेतली होती आणि त्याला पास केलं होतं. १७९९ साली त्याच नेपोलियनने त्याला गृहमंत्री केलं आणि सहा आठवड्यांत काढून टाकलं. हा माणूस राज्यकारभारातही अनंत-सूक्ष्म घेऊन येतो अशी नेपोलियनची तक्रार होती. मला सरांची तपकिरी वही आठवली.

आणि ते मायनस एसटीसुद्धा तिथेच उमगलं. वेळ जसजसा वाढतो तसतसा तो घटक शून्याकडे जातो, आणि बहुतेक फंक्शन्सना, ती कितीही उड्या मारोत, हळूहळू थोपटून झोपवतो. म्हणून तर अनंतापर्यंतची बेरीज आटोक्यात येते. सरांच्या आवाजात नेमका हाच घटक होता, आणि सरांनी तो कधी समजावून सांगितला नाही. नुसता आमच्यावर वापरला.

खरं तर आनंद व्हायला हवा होता. सबंध टर्ममध्ये पहिल्यांदा एम-थ्रीतलं काहीतरी कळलं होतं. पण मी पुस्तक मिटलं आणि पहिला विचार आला, आत हजेरी घेतली असेल का?

घेतली होती.

त्या एका पावसाने माझा हिशेब गडगडला. टर्म संपत आली तेव्हा एकोणचाळीस लेक्चर झाली होती आणि माझी बसलेली होती एकोणतीस. चाळिसावं शेवटचं, शनिवारी. ते बसलं की तीस, बरोबर ७५ टक्के. बुडालं की पत्र, आणि लाल पेन. त्यात मधेच मामेबहिणीचं लग्न निघालं, गुरुवारी कराडला जावंच लागलं. शुक्रवारी रात्री आई म्हणत होती, "राहा की रे, उद्या पूजा आहे." मी म्हटलं, "लेक्चर आहे." वडिलांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान पसरलं ते मला अजून टोचतं. मध्यरात्रीची एसटी पकडली, मायनस नव्हे, प्लस. पहाटे स्वारगेटला उतरलो आणि खोलीवर न जाता, चिवड्याचा डबा आणि लग्नातले बुंदीचे लाडू घेऊन थेट कॉलेज गाठलं.

वर्ग रिकामा. आठ दहा झाले, रिकामा. मला वाटलं, येतील. मोबाईल तेव्हा आमच्यापैकी कोणाकडेच नव्हता. शुक्रवारी दुपारी कँटीनमध्ये मास बंक ठरला होता, हे मला नंतर कळलं. मास बंकचं शास्त्र असं, की सगळेच गैरहजर असले की कोणीच गैरहजर नसतं. फक्त त्यात एकही माणूस बसलेला चालत नाही.

सव्वाआठला सर आले, खाली बघत. वही ठेवली. हजेरीपट उघडला. मी तिसऱ्या बाकावर, डबा मांडीवर. सर आता मान वर करतील, वर्ग बघतील, म्हणतील 'ओन्ली यू?' असं वाटलं.

"वन," सर म्हणाले.

शांतता.

"टू. थ्री. फोर."

रिकाम्या वर्गात आकडे भिंतीवर आपटून परत येत होते. सरांचं पेन प्रत्येक आकड्याला एक टिंब देत होतं.

"सेव्हन्टीन."

"प्रेझेंट सर," मी बारीक आवाजात म्हणालो.

शपथेवर सांगतो, मी ठरवून बोललो नाही. चार महिन्यांची सवय, ती तोंडातून निघून गेली. सरांचं पेन क्षणभर थांबलं. मग टिंबाऐवजी एक तिरकी रेघ आली आणि "एटीन".

आता पुढे काय? एकोणचाळीसला गप्प बसावं, तर सतरा संशयास्पद ठरतो. माणूस एकदा खोटं बोलला की त्याला निदान सातत्य ठेवावं लागतं. "थर्टी नाईन" आला, मी घोगऱ्या आवाजात नाना हजर केला. राहता राहिला लातूर. घसा कोरडा पडला होता, रात्रभर एसटीच्या खिडकीचा वारा लागला होता, आणि ते खाकरणं काही जमेना. लातूर खाकरतो तो आधी बारीक आणि मग मोठ्याने, का उलट? मी मनातल्या मनात दोनदा करून बघितलं.

"फिफ्टी एट."

"खक्‌... प्रझेन सर."

उत्तम जमलं. स्वतःवरच खूश झालो. बहात्तरपर्यंत आकडे संपले, सरांनी खाली बेरीज लिहिली.

"थ्री प्रेझेंट. गुड."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी ताडकन उभा राहिलो. लाडू बाकाखाली घरंगळले.

"सर, फिफ्टी सेव्हन. माझा राहिला."

सरांनी हजेरीपट मिटला. चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि त्या टर्ममध्ये दुसऱ्यांदा मान वर केली. बाकांच्या ओळी एकेक करून बघितल्या, अगदी खिडकीपर्यंत. मग माझ्याकडे.

"थ्री आर ऑलरेडी प्रेझेंट," ते म्हणाले. "यू आर द फोर्थ?"

मी वळून मागे पाहिलं. का पाहिलं, माहीत नाही.

"नो सर," मी म्हणालो.

"एनी डाऊट?"

"नो डाऊट सर."

"गुड," सर म्हणाले आणि फळ्याकडे वळले. "सो व्हॉट वी आर हॅविंग हिअर..."

मी खाली बसलो, वही उघडली आणि पहिली उभी रेघ मारली.