स्विफ्टमध्ये अर्टिगाचे इंजिन: कॉम्प्युटर कोणाचा ठेवावा?

स. न. वि. वि.

आपल्या स्विफ्ट डिझेलचे इंजिन निकामी झाल्यावर आपण जुन्या अर्टिगाचे डिझेल इंजिन बसवून घेतले, जालन्याच्या मिस्त्रींनी त्याला स्विफ्टचाच कॉम्प्युटर (ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जोडला, वायरिंगचा कप्लर जसाच्या तसा बसला आणि पहिल्याच सेल्फला गाडी चालू झाली. त्यामुळे ‘इंजिनासोबत त्याचाच ईसीएम घ्या’ हा माझा सल्ला म्हणजे सामान्य माणसाला विनाकारण खर्चात पाडणे आहे, असे आपण लिहिता. आपली गाडी चालू झाली याबद्दल मला शंका नाही. ती का चालू झाली, हे मात्र नीट पाहायला हवे.

दोन्ही इंजिने 1,248 सीसीची, फियाटच्या मल्टिजेट घराण्यातली आहेत. चालू होण्यासाठी कॉम्प्युटरला क्रँक आणि कॅम सेन्सरचे (इंजिन कोणत्या स्थितीत फिरते आहे ते सांगणारे) संकेत, रेल म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब आणि डिझेल फवारणारे इंजेक्टर एवढे पुरते, आणि तिथवर दोघांत फारसा फरक नाही. फरक टर्बोत, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा भरणाऱ्या पंख्यात आहे. स्विफ्टचे इंजिन 75 पीएसचे (पीएस म्हणजे अश्वशक्तीचे माप) आणि त्याचा टर्बो स्थिर रचनेचा. अर्टिगाचे 90 पीएसचे आणि त्याच्या टर्बोत हलणारी पाती आहेत. इंजिन हळू फिरत असताना ती पाती मिटून धुराची वाट अरुंद करतात, म्हणजे थोड्या धुरानेही टर्बाइन जोरात फिरते. वेग वाढला की ती उघडतात. कोणत्या क्षणी किती उघडायची हे आरपीएम, पेडल आणि इनटेकमधला (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा) दाब पाहून कॉम्प्युटर ठरवतो. ज्या कॉम्प्युटरमध्ये हा हिशोबच भरलेला नाही, तो पात्यांना आज्ञा तरी काय देणार? गॅरेजच्या दारात, न्यूट्रलमध्ये हा दोष दिसतच नाही. चार माणसे, एसी चालू आणि मांजरसुंब्याचा घाट अशी वेळ आली की पिकअप नाहीसा होतो किंवा नको तितका दाब चढून इंजिन लाईट लागते, आणि मग बिचाऱ्या टर्बोलाच दोष दिला जातो.

दुसरी गोष्ट इंजेक्टरची. प्रत्येक इंजेक्टरवर अंक-अक्षरांचा एक संकेतांक कोरलेला असतो. तो इंजेक्टर प्रमाणापेक्षा किंचित जास्त डिझेल सोडतो की कमी, हे त्यावरून कॉम्प्युटरला कळते. कॉम्प्युटर कोणताही ठेवला तरी चारही संकेतांक स्कॅनरने (कॉम्प्युटरशी जोडून माहिती वाचणाऱ्या-भरणाऱ्या यंत्राने) त्यात भरावे लागतात. ते राहिले तर आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन चालू असताना, खडखड आणि धूर ठरलेलाच. हे काम झाले की नाही, एवढे तरी मिस्त्रींना विचारावे.

आपले म्हणणे एका बाबतीत पूर्ण रास्त आहे. बदली इंजिन त्याच प्रकारच्या स्विफ्टचे, डिझायरचे किंवा रिट्झचे, म्हणजे त्याच 75 पीएसचे आणि त्याच बीएस (धुराच्या प्रदूषण-नियमांच्या) टप्प्याचे असते, तर गाडीचा मूळ कॉम्प्युटर ठेवणेच उत्तम होते. इमोबिलायझर (योग्य चावीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) आणि चावीला हातही लावावा लागला नसता. म्हणून हात राखून खर्च करायचा असेल, तर बचत इंजिन निवडतानाच करावी, कॉम्प्युटर निवडताना करू नये. वेगळ्या प्रकारचे इंजिन घ्यायचेच असेल, तर भंगारवाल्याकडून त्याच सौद्यात ईसीएम, वायरिंग, इमोबिलायझर, चिपची चावी आणि ॲक्सिलरेटर पेडल मागून घ्यावे. एकदा हा संच फुटला की त्याच गाडीचे तुकडे पुन्हा गोळा होत नाहीत. ईसीएमच्या लेबलवरचा पूर्ण क्रमांक पाहावा, कारण डबा तोच असून आतले सॉफ्टवेअर वेगळे असू शकते. काही ठिकाणी इमोबिलायझर कायमचा बंद करून देतात. चोरीपासूनचे संरक्षणच त्यामुळे जात असल्याने तो मार्ग मी सुचवणार नाही.

इंजिन क्रमांक बदलल्याची नोंद आरसीवर झाली नसेल, तर आधी आरटीओत जाऊन ती करून घ्यावी. अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारू शकते.

आता आपल्या गाडीपुरते सांगतो. लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर लावून, कोणाला तरी शेजारी बसवून, चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पेडल पूर्ण दाबावे आणि टर्बोचा मागितलेला दाब व प्रत्यक्ष दाब हे दोन आकडे टिपायला सांगावेत. ते आकडे आणि ईसीएमच्या लेबलचा फोटो पाठवलात, तर अर्टिगाचा कॉम्प्युटर आपल्या मीटर, एसी आणि पंख्याच्या वायरिंगशी कसा जोडता येईल, हे मी आपल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला समजेल असे लिहून देईन.