गावाचा ठिपका दिसतो, पण तो ‘नक्की’ तिथेच होता का?

खंडांची हालचाल दाखवणाऱ्या नकाशांसोबत एक मजकूर सतत फिरतो: “आपल्या गावाचं नाव टाका आणि ७५ कोटी वर्षांपूर्वी ते नक्की कुठे होतं ते पाहा. खंड वितळलेल्या लाव्हावर तरंगत आले, त्यांचे किनारे आजही तंतोतंत जुळतात आणि पॅन्जिया हा पहिला महाखंड होता.” नकाशे सुंदर आहेत, जरूर वापरावेत. मजकूर मात्र वाक्यागणिक चुकतो.

“नक्की कुठे होतं”

सर्वांत मोठी चूक इथे आहे. अलीकडच्या साधारण १८ कोटी वर्षांसाठी सागरतळाची भक्कम साक्ष मिळते. समुद्रातल्या पर्वतरांगांच्या दोन्ही अंगांना चुंबकीय पट्टे असतात. व्हाइन आणि मॅथ्यूज या भूशास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये त्यांचा अर्थ लावला. एकाच वयाचे पट्टे परत जुळवले की खंड एकमेकांच्या संदर्भात त्या काळच्या जागेवर येतात. त्याहून जुना सागरतळ जवळजवळ सगळा प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड थरात, बुडून गेला आहे.

मग उरतं ते मुख्यतः खडकांतलं चुंबकत्व. लाव्हा थंड होताना त्यातली खनिजं त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजाशी असलेला कल, म्हणजे नती, धरून ठेवतात. नतीची टॅन्जंट ही अक्षांशाच्या टॅन्जंटच्या दुप्पट असते: नती ४९ अंश आली तर अक्षांश ३० अंश. पण रेखांश? एका अक्षांशावर पृथ्वीभर नती सारखीच, त्यामुळे या मोजमापातून रेखांश मुळीच कळत नाही. खंडाचा तुकडा पूर्वेला किंवा पश्चिमेला हजारो किलोमीटर सरकवला तरी मोजमाप बदलत नाही. तिथे इतर पुराव्यांवर आणि तर्कावर भिस्त ठेवावी लागते. अक्षांशातही घोळ होतात. गाळाचे खडक दबताना नती कमी होते आणि प्रदेश होता त्यापेक्षा विषुववृत्ताजवळ भासतो. खडक नंतर तापला तर जुनी नोंद पुसली जाऊन नवी उमटते. अक्षांशात ५ अंशांची चूक म्हणजे सुमारे ५५० किलोमीटर.

हे स्वतः तपासता येतं. जीप्लेट्स हे खंडांची हालचाल दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर घ्या. एका प्रारूपाची, म्हणजे अभ्यासकांनी बांधलेल्या एका मॉडेलची, रोटेशन फाइल (कुठला तुकडा कधी किती फिरला याची नोंद) आणि त्याच प्रारूपाचे स्टॅटिक पॉलिगॉन (आजच्या पृष्ठभागाचे क्रमांक व वय दिलेले तुकडे) उघडा. गावाचा बिंदू ठेवा, ‘असाइन प्लेट आयडीज’ने त्याला भूपट्टाचा, म्हणजे कवचाच्या सरकत्या तुकड्याचा, क्रमांक द्या (भारताचा बहुतेक ठिकाणी ५०१) आणि काळ मागे न्या. बिंदू हललाच नाही, तर बहुधा त्याचा क्रमांक शून्यच राहिला आहे. तो भलतीकडे गेला, तर दोन प्रारूपांच्या फाइली मिसळल्या आहेत का ते आधी पाहा. आता दुसरं प्रारूप घेऊन हेच करा आणि १० कोटी व ४० कोटी वर्षांपूर्वीची उत्तरं शेजारी ठेवा. संदर्भचौकटही, म्हणजे जागा कशाच्या तुलनेत मोजली आहे तेही, बघा: एक प्रारूप चुंबकीय अक्षाला धरून आणि दुसरं प्रावरणाला धरून बांधलेलं असेल, तर एकाच गावाचे अक्षांश वेगळे येतात. प्राचीन हवामानाचा विचार करायचा असेल तर चुंबकीय चौकटच हवी.

शिवाय ते गाव ज्या जमिनीवर आहे ती तेव्हा होती का, हा प्रश्न नकाशा स्वतःहून विचारत नाही. आइसलँडच्या पृष्ठभागावरचे सर्वांत जुने खडक सुमारे १.६ कोटी वर्षांचे आहेत. २० कोटी वर्षांपूर्वी आइसलँड कुठेच नव्हतं. बिंदू ठेवताना पॉलिगॉनचं वयही त्याला दिलं, तर तो त्याआधीच्या काळात नाहीसा होतो. तेच योग्य उत्तर आहे.

“किनारे तंतोतंत जुळतात”

किनारे जुळत नाहीत, खंडांच्या बुडालेल्या कडा जुळतात. भूभौतिकशास्त्रज्ञ बुलार्ड आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये संगणकावर अटलांटिकच्या दोन बाजू जोडल्या, त्या सुमारे ९०० मीटर खोलीच्या रेषेवर. तरीही नायजर नदीचा त्रिभुज प्रदेश दक्षिण अमेरिकेवर चढला, कारण तो महासागर उघडल्यानंतर साचला. किनारा तर समुद्राच्या पातळीबरोबर सरकतो. ९ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिका मधोमध समुद्राने दुभंगलेली होती. त्या काळच्या नकाशावर दिसणारी आजची किनाररेषा फक्त ओळख पटावी म्हणून काढलेली असते.

“वितळलेल्या लाव्हावर तरंगत”

नाही. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, पण प्रावरणातून जातात. प्रावरण घन आहे. तापल्यामुळे ते फार सावकाश वाहतं. द्रव थर आहे तो बाह्य गाभ्याचा, सुमारे २,९०० किलोमीटर खोल. भूपट्ट सरकतात वर्षाला काही सेंटिमीटर, आणि त्यांना मुख्यतः खेचतं ते खाली बुडणाऱ्या थंड कडेचं वजन.

“पॅन्जिया हा पहिला महाखंड”

पॅन्जिया, म्हणजे बहुतेक सगळे खंड एकत्र असलेला महाखंड, सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी जुळून आला. त्याआधी रोडिनिया होता, त्याआधी कोलंबिया. रोडिनिया ७५ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास फुटत होता, म्हणजे मजकुरात दिलेला काळ नेमका तोच. त्या महाखंडात कुठला तुकडा कुणाच्या शेजारी होता, यावरच अजून अभ्यासकांचं एकमत नाही.