इंजिन खोलायचंच आहे? मग कॉम्प्रेशन अशी तपासा

गाडी चढाला दम टाकते म्हणजे इंजिन बसलं, हे तुम्ही बॉनेट उघडण्याआधीच ताडलं आहे. आता उरलाय फक्त पुरावा: प्लगच्या जागी गेज लावून स्टार्टर फिरवायचा आणि पिस्टन हवा किती दाबतो (म्हणजेच कॉम्प्रेशन) ते मोजायचं. आकडा जितका कमी, इंजिन खोलायला तितकं निमित्त.

इंजिन गरम करू नका. गार इंजिनात पिस्टन आणि त्याभोवतीच्या रिंगा तापून फुगलेल्या नसतात, दाब निसटतो, रीडिंग आयतंच खाली येतं. बॅटरीही अर्धमेलीच ठेवा. सगळे स्पार्क प्लग काढायचा खटाटोप नको. तपासायच्या सिलिंडरचा तेवढा काढा. बाकीचे तिघे स्टार्टरला अडवतील, तो कण्हत फिरेल आणि दाबलेल्या हवेला निसटायला सवड मिळेल. प्लगभोवतीची धूळ आधी हवेने उडवली नाहीत तर उत्तमच, ती थेट सिलिंडरात जाते.

अ‍ॅक्सिलरेटर मात्र चुकूनही दाबू नका. थ्रॉटल बंद असला की आत हवाच पुरेशी जात नाही. पिस्टन दाबणार काय, कपाळ? चारही सिलिंडर सारखेच मार खातात आणि निदान भारदस्त वाटतं. फ्युएल पंपाचा रिलेही (पंपाला वीज देणारा स्विच) जागेवर राहू द्या. सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल पेट्रोलने धुऊन निघेल, आकडा आणखी घसरेल.

गेजचा अडॅप्टर पहिले आटे हाताने बसवून घ्यायचा असतो म्हणे! पाना लावा. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, अ‍ॅल्युमिनियमचं आहे. आटे गेले तर हेड उतरवायला वेगळं निमित्त नको. एका सिलिंडरला चार स्ट्रोक द्या, दुसऱ्याला नऊ, आणि मग आकड्यांची तुलना करा.

एवढं करूनही १६०, १५५, १५८ आणि एकच ९५ पीएसआय आला, तर थांबा. इथे घात होऊ शकतो. त्या सिलिंडरात चमचाभर, म्हणजे साधारण ५ मिली, इंजिन ऑइल टाकून पुन्हा तपासलंत तर खरं दुखणं उघडं पडेल: दाब चढला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील. (शेजारशेजारचे दोन पडले असते तर पहिला संशय गॅस्केटवरच.) तेव्हा तेल भसाभसा ओता. ज्वलनकक्षातली जागाच कमी झाली की गळका व्हॉल्व्हही धडधाकट आकडा दाखवतो आणि आळ बिचाऱ्या रिंगांवर येतो.

टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागातली फट) कमी झाल्याने व्हॉल्व्ह पुरता मिटत नसेल, ही शंका कोणी काढलीच तर ती फट मोजायची पट्टी, फीलर गेज, सापडत नाही म्हणा. तोवर हेडचे बोल्ट ढिले झालेले असतील.