हँडल आत की बाहेर?

नमस्कार. स्टुडबेकर या जुन्या अमेरिकन गाडीतल्या ओव्हरड्राइव्हच्या हँडलवर मी लेख लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ओव्हरड्राइव्ह म्हणजे जास्तीचा एक गिअर, त्याच्या हँडलचा एवढा बाऊ कशाला? ओव्हरड्राइव्हमध्येही इंजिन गाडीला धरून ठेवतं. आणि वडिलांनी तीस वर्षं अ‍ॅम्बॅसडर चालवली, त्यांना ही भानगड कधी आली नाही.

मधला मुद्दा कबूल. 'इंजिन ब्रेकिंग मिळत नाही', म्हणजे पाय काढल्यावर इंजिन गाडीचा वेग आवरत नाही, असं मी सरसकट लिहून टाकलं, ते चुकलं. ओव्हरड्राइव्ह लागलेला असतो तोवर इंजिन गाडीला धरतं, कमी का होईना. मूळ लेखात दुरुस्ती करतो.

पण अ‍ॅम्बॅसडरचा दाखला इथे चालत नाही, कारण तिला फ्रीव्हील नव्हतं, म्हणजे पाय काढला की चाकांना इंजिनापासून मोकळं सोडणारी सोय. माझ्या 1953च्या स्टुडबेकर चँपियनला तीन गिअर आणि त्यांच्या मागे बॉर्ग-वॉर्नरचा ओव्हरड्राइव्ह. डॅशबोर्डखालचं हँडल आत असलं की गाडी सायकलसारखी वागते, पायडल थांबवलं तरी चाक आपलं फिरतंय. बाहेर ओढलं की ओव्हरड्राइव्ह आणि फ्रीव्हील दोन्ही बंद, गाडी साध्या तीन गिअरची. ताशी साधारण 28 मैलांच्या वर जाऊन अ‍ॅक्सिलरेटरवरून क्षणभर पाय उचलला, की सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा खटका, एक खिटी आत सारतो, सन गिअर (ओव्हरड्राइव्हमधलं मधलं दातेरी चाक) जागच्या जागी अडकतो आणि मिनिटाला 3000 फेऱ्यांवर गुरगुरणारं इंजिन 2100 वर येतं. खालून 'टक्' असा आवाज येतो, तो ऐकायला मला अजून आवडतं. पण वेग त्याहून काही मैलांनी उतरला की खिटी बाहेर, आणि उरतं ते नुसतं फ्रीव्हील.

गोम इथेच आहे. अमेरिकेतल्या स्मोकी डोंगरांत न्यूफाउंड गॅप या खिंडीतून खाली चेरोकी गावाकडे उतरत होतो. दुसरा गिअर, वेग पंचवीसच्या आत, हँडल आत. वळणाआधी पाय काढला तर इंजिन आयडलवर पुटपुटायला लागलं आणि गाडी पुढे पळायला लागली. घाटात न्यूट्रल टाकू नका हे लहानपणापासून ऐकलेलं, आणि मी गिअरमध्ये असूनही नेमकं तेच करत होतो! चार वळणांत ड्रम ब्रेकचा करपट वास गाडीत भरला.

तुम्ही म्हणता, मग ओढायचं हँडल, हाय काय नि नाय काय. तसं नुसतं ओढलं तर दात दातांवर खरवडतात, कारण इंजिनाकडची बाजू हळू फिरत असते आणि चाकांकडची जोरात. आधी थोडी रेस द्यायची, इंजिनाने गाडीला पकडल्याचं पाठीला जाणवतं, त्याच क्षणी हँडल बाहेर. लोण्यातून सुरी गेल्यासारखं येतं. ओव्हरड्राइव्ह लागलेला असेल तर आधी अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा. तिथला स्विच इग्निशन निमिषभर तोडतो, खिटीवरचा ताण जातो आणि ती सुटते. इंजिन एकदा ठसकतं, घाबरू नका. मी मात्र उतार सुरू होण्याआधीच, वरच्या पार्किंगमध्ये, हँडल ओढून घेतो.

क्लच न दाबता दुसऱ्यातून तिसऱ्यात जाता येतं या माझ्या वाक्यावरही तुम्ही चिडलात. फ्रीव्हीलमध्ये पाय काढला की गिअरवर भार राहत नाही, म्हणून जमतं. मी स्वतः तरीही क्लच दाबतो, सवय.

पुढच्या महिन्यात मित्राची स्टुडबेकर चालवणार आहात असं लिहिलंय, तर आणखी एक. हँडल आत ठेवून पहिल्या गिअरमध्ये उभी केली तर ती उतारावर पुढे घरंगळेल. रिव्हर्समध्ये ठेवा, त्यात ओव्हरड्राइव्ह आपोआप लॉक होतो. आणि बॅटरी बसली, तर चार जणांना धक्का मारायला बोलावण्याआधी हँडल बाहेर आहे ना ते बघा. मी नव्हतं बघितलं.