एवढासा स्वल्पविराम, पण कुणी धड देईल तर शपथ!

‘बैठकीला सुनीता, अध्यक्ष, रमेश, खजिनदार, मीना आणि सचिव हजर होते.’ आता सांगा, खुर्च्या किती मांडायच्या? तीन की सहा? नाव आणि पद यांच्यामध्येही स्वल्पविराम, दोन माणसांमध्येही स्वल्पविराम. वाचणाऱ्याने काय ज्योतिष बघायचं? अर्धविराम अशाच वेळेसाठी असतो हो! ‘सुनीता, अध्यक्ष; रमेश, खजिनदार; आणि मीना, सचिव.’ संपलं. आणि एकदा अर्धविराम धरला की शेवटपर्यंत तोच. अर्ध्यातून परत स्वल्पविरामावर घसरलात की पुन्हा तोच घोळ.

याउलट काही जण ‘पेन; वही; पट्टी’ लिहितात. कशाला? आत एकही स्वल्पविराम नसताना अर्धविरामाची ऐट कशासाठी? ‘पेन, वही आणि पट्टी’ लिहा की सरळ. मराठीत शेवटच्या ‘आणि’आधी एरवी स्वल्पविराम लागत नाही. पण ‘पांढरा, काळा आणि पांढरा आणि लाल’ अशी जोडीची भानगड असेल तर द्या बिनधास्त: ‘पांढरा, काळा आणि पांढरा, आणि लाल’.

आणि ती चिन्हाआधीची मोकळी जागा! चिन्ह शब्दाला चिकटून, जागा त्याच्यानंतर. नाहीतर ओळ तुटते आणि स्वल्पविराम पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एकटाच लोंबकळतो.